दीड हजार मीटरांचे मैदान

पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे शहर एके काळी पोलादासाठी जगप्रसिद्ध होते. ॲलेघेनी आणि मोनाँगहीला या दोन नद्या जेथे मिळतात आणि ओहायो हे नाव घेऊन पुढे जातात, त्या संगमाच्या आसमंतात रात्रंदिवस पेटलेल्या भट्ट्यांनी ज्याला अपार संपत्ती मिळवून दिली, त्या अँड्र्यू कार्नेगीने १९०० साली येथे कामकरी वर्गाच्या मुलांकरिता तंत्रशाळा स्थापन केली, आणि तिचेच १९६७ मध्ये मेलन इन्स्टिट्यूटशी एकीकरण होऊन कार्नेगी मेलन विद्यापीठ अस्तित्वात आले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, म्हणजे त्या भट्ट्यांपैकी बहुतेक विझून गेल्यावर, या विद्यापीठातील मोजक्या संशोधकांनी एक मैदान तयार केले. लांबी दीड हजार मीटर, रुंदी तीनशे मीटर. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सपाट. झाड नाही, भिंत नाही, टेकडी नाही. आणि त्यावर बिनतारी यंत्रे बाळगणारे पन्नास प्रवासी, कोणताही हेतू मनात नसताना, पंधरा मिनिटे इकडून तिकडे फिरत असत. हे मैदान संगणकाच्या स्मृतीतच होते. तथापि फिरत्या यंत्रांच्या जाळ्यांविषयी गेल्या पंचवीस वर्षांत जे हजारो प्रबंध लिहिले गेले, त्यांपैकी फार मोठा भाग या किंवा याच बेताच्या मैदानावर उभा आहे, आणि ज्या जाळ्यासाठी हा खटाटोप झाला ते जाळे मात्र कल्पिले होते त्या स्वरूपात फारसे कोठे उभे राहिले नाही. मैदान टिकले, जाळे मागे पडले. हा विपर्यास कसा घडला हे पाहण्यासारखे आहे.

मूळ प्रश्न साधा होता. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास जो अंकात्मक पत्ता दिलेला असतो, तो एकाच वेळी दोन कामे करतो: यंत्र कोणते हे तोच सांगतो, आणि ते जाळ्याच्या कोणत्या भागाला जोडलेले आहे हेही तोच सांगतो. यंत्रे खोलीभर आकाराची होती तोवर यात अडचण नव्हती. परंतु संगणक काखेत मारून माणसे हिंडू लागली, आणि जागा बदलताच पत्ता निरर्थक होऊ लागला. १९९१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जॉन इओआनिडीस, डॅन ड्यूशांप व जेराल्ड मॅग्वायर यांनी यावर एक तोडगा सुचविला. इतरत्रही तसेच प्रयत्न चालू होते. आणि यंत्राचा एक कायमचा पत्ता, त्याच्या गैरहजेरीत त्याचा मजकूर स्वीकारून नव्या ठिकाणी रवाना करणारा एक मुखत्यार, अशी जी व्यवस्था त्यांतून निष्पन्न झाली, ती ऑक्टोबर १९९६ मध्ये मोबाइल आयपी या नावाने प्रमाणित झाली. या वाटाघाटींत भाग घेणाऱ्यांपैकी एक म्हणजे कार्नेगी मेलनमधील डेव्हिड जॉन्सन हे प्राध्यापक. १९९२ मध्ये त्यांनी ‘मोनार्क’ हा प्रकल्प सुरू केला. हजारो मैल स्थलांतर करणाऱ्या मोनार्क फुलपाखरावरून हे नाव घेतलेले असले, तरी फिरत्या जाळ्यांची रचना या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांशीही ते जुळते. विद्यापीठांतील संशोधकांना अशा नावांचा शौक असतोच.

जॉन्सन यांच्यापुढे मोबाइल आयपीपलीकडचा आणखी एक प्रश्न होता आणि तो अधिक अवघड होता. मुखत्याराची व्यवस्था चालण्यासाठी कोठेतरी स्थिर जाळे असावेच लागते. ते नसेल तर? भूकंपाने तारा तुटल्या आहेत, सैन्य परक्या मुलखात आहे, किंवा जेथे कधी तार पोचलीच नाही अशा खाणीत माणसे काम करीत आहेत. अशा ठिकाणी यंत्रांनी आपापसातच एकमेकांचा मजकूर वाहून नेला पाहिजे. जुन्या काळच्या डाकेत हरकारे वेगळे आणि पत्र पाठविणारे वेगळे असत. येथे प्रत्येक प्रवासी हाच हरकारा, आणि डाकेच्या चौक्या म्हणजेही तेच प्रवासी, घटकेत येथे तर घटकेत तेथे.

या कल्पनेला पूर्वपीठिका होती. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ साली अलोहा हे बिनतारी जाळे कार्यान्वित केले होते, आणि त्याच दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताभोवती पॅकेट रेडिओचे प्रयोग केले; २२ नोव्हेंबर १९७७ रोजी एका धावत्या मोटारगाडीतून निघालेला मजकूर तीन वेगवेगळ्या जाळ्यांतून फिरवून आणण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, तो याच मालिकेतला. परंतु ही सामग्री अवजड व महाग होती. गाडीभर यंत्रे आणि सरकारी खजिना यांच्या अभावी सामान्य विद्यार्थ्याला या क्षेत्रात पाऊल टाकणे शक्य नव्हते. ही परिस्थिती बदलली ती नव्वदीच्या सुरुवातीस, वेव्हलॅन नावाचे रेडिओ-कार्ड बाजारात आल्यावर. एनसीआर कंपनीच्या नेदरलँड्समधील शाखेत घडविलेले हे कार्ड संगणकात बसविले की तारेविना जाळे तयार होई. कार्नेगी मेलनने १९९३ पासूनच आपल्या आवारात असे बिनतारी जाळे पसरावयास घेतले होते. वायफायचे प्रमाण १९९७ साली ठरले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आवारातील विद्यार्थी काळाच्या किती पुढे वावरत होते याची कल्पना येते.

त्या विद्यापीठाची आणखी एक परंपरा येथे नमूद केली पाहिजे, कारण पुढील सर्व प्रकार तिच्यामुळेच घडला. ऐंशीच्या दशकात आयबीएमच्या साहाय्याने उभारलेला अँड्र्यू प्रकल्प, त्यातून निघालेली फाइल-व्यवस्था, रिचर्ड रशीद यांचा माक हा संगणक-प्रणालीचा गाभा, ज्याचा अंश आजच्या आयफोनमध्येही शिल्लक आहे, आणि जोडणी तुटली असतानाही काम चालू ठेवणारी महादेव सत्यनारायणन यांची कोडा ही फाइल-व्यवस्था. यांपैकी माक आणि कोडा यांचा मूळ मजकूर बाहेरच्या संशोधकांना वाचावयास, बदलावयास आणि पुढे देण्यास मोकळा केला जात असे. ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग १९९८ साली रूढ झाला; त्याच्या कितीतरी आधी ही वहिवाट पिट्सबर्ग आणि बर्कली येथे चालू होती. सॉफ्टवेअर लिहावे, त्यावर निबंध लिहावा, आणि निबंधाच्या पाठोपाठ सॉफ्टवेअरही जगाच्या हवाली करावे, असा तो शिरस्ता होता.

१९९४ च्या डिसेंबरात जॉन्सन यांनी आपली योजना मांडली. पुढे तिला डायनॅमिक सोर्स रूटिंग, संक्षेपाने डीएसआर, हे नाव मिळाले, आणि डेव्हिड माल्ट्झ या त्यांच्या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी ती पूर्णत्वास नेली. तिची रीत अशी: ज्याला मजकूर पाठवावयाचा आहे त्याने सभोवार पुकारा करावा, की अमुक यंत्राचा मार्ग कोणास ठाऊक आहे काय? ज्याला तो ऐकू येईल त्याने त्यात आपले नाव नोंदवून पुन्हा पुकारा करावा. असे होत होत पुकारा इष्ट यंत्रापाशी पोचला की त्यात वाटेतील सर्व नावांची यादी क्रमवार तयार झालेली असते, आणि ती उलट पाठविली म्हणजे मार्ग सापडला. त्यानंतर मजकुराच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे पॅकेटच्या, माथ्यावर ही संपूर्ण यादी लिहिलेली असे. मजकूर नसेल तेव्हा सर्वांनी गप्प बसावे, हा या रीतीचा विशेष. त्याच वर्षी चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी मांडलेली डीएसडीव्ही नावाची रीत याच्या नेमकी उलट होती: तीत प्रत्येक यंत्र ठरावीक कालांतराने आपल्याजवळील मार्गांचा तक्ता शेजाऱ्यांना कळवीत असे, कोणी विचारो वा न विचारो. पर्किन्स यांनी पुढे एलिझाबेथ रॉयर यांच्यासमवेत या दोहोंमधला असा एओडीव्ही नावाचा तिसरा मार्ग काढला, आणि मेरिलंडकडून टोरा नावाचा चौथा आला.

आता यांत श्रेष्ठ कोणता, हे ठरवावयाचे कसे? प्रत्येक संशोधक आपली रीत आपल्या संगणकावर, आपण ठरविलेल्या परिस्थितीत तपासून पाहत असे, आणि ती उत्तम ठरल्याचे जाहीर करीत असे. एकाचे यंत्र ताशी किती वेगाने फिरते, दुसऱ्याच्या लहरी किती अंतर जातात, याचा मेळ कोठेच नव्हता. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असल्यासारखा हा प्रकार.

मोनार्कच्या मंडळींनी हा गुंता सोडविण्यासाठी जे साधन निवडले, त्याचीही वंशावळ सांगण्याजोगी आहे. कोलंबिया विद्यापीठात नेस्ट नावाचे एक अनुकरण-साधन, म्हणजे सिम्युलेटर, होते; त्याच्या आधारे आयआयटी दिल्लीतून बर्कलीस गेलेल्या श्रीनिवासन केशव यांनी १९८९ च्या सुमारास रिअल हे साधन लिहिले; रिअलवरून लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टीव्हन मकॅन आणि सॅली फ्लॉइड यांनी एनएस तयार केले; आणि १९९५ पासून डार्पाच्या पैशावर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची माहितीशास्त्र संस्था, झेरॉक्सची पालो आल्टो येथील प्रयोगशाळा, बर्कलीचे विद्यापीठ व लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांनी मिळून त्याची दुसरी आवृत्ती सिद्ध केली. या साधनाचा मजकूर सर्वांना खुला होता, आणि म्हणूनच हाताहाती ते वाढत गेले. परंतु त्यात तारा होत्या, हवा नव्हती. मजकूर एका यंत्रातून दुसऱ्यात तारेने जाई. यंत्र जागचे हलते, लहर अंतराबरोबर क्षीण होते, दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे वाया जाते, या गोष्टी त्या साधनाला ठाऊकच नव्हत्या.

पिट्सबर्गच्या मंडळींनी ही हवा त्यात घातली. लहर थेट जाते आणि जमिनीवर आपटूनही जाते, या दोन वाटांचा हिशेब करणारे सूत्र त्यांनी लिहिले. वायफायच्या प्रमाणात सांगितल्याप्रमाणे आधी कानोसा घ्यावा, मग बोलावे, पोच मिळाली नाही तर पुन्हा बोलावे, ही सारी शिष्टाचाराची कलमे लिहिली. शेजाऱ्याचा पत्ता शोधण्याची रीत, रांगेत थांबलेल्या पॅकेटांची व्यवस्था आणि यंत्रांच्या हालचालींची योजना लिहिली. वेव्हलॅन कार्डाच्या गुणधर्मांवरून लहरीची पोच २५० मीटर, गती सेकंदाला २० लाख बिट, अशी मापे ठरली. आणि १९९८ च्या ऑक्टोबरात डॅलस येथील मोबिकॉम परिषदेत जॉश ब्रॉक, माल्ट्झ, जॉन्सन, यी-चुन हू आणि जॉर्जेटा जेचेव्हा यांनी जो निबंध वाचला, त्यात आरंभी वर्णिलेले मैदान प्रथम जगापुढे आले.

त्या मैदानाचा आकार चौरस का नाही, याचे कारण त्यांनी दिलेले आहे: चौरसात पन्नास यंत्रे विखुरली तर दोन यंत्रांमधील मार्ग आखूड होतात, लांबट पट्ट्यात मजकुराला अनेक हातांतून जावेच लागते, आणि परीक्षा खरी होते. प्रत्येक यंत्र मनाला येईल तो बिंदू निवडी, शून्य ते सेकंदाला २० मीटर यांमधला एखादा वेग घेऊन तेथे जाई, ठरलेला वेळ थांबे, आणि पुन्हा दुसरा बिंदू निवडी. थांबण्याचा वेळ शून्यापासून ९०० सेकंदांपर्यंत सात प्रकारचा होता. अशा हालचालींचे आणि संभाषणांचे २१० नमुने आधीच लिहून फाइलींत बंद करण्यात आले, आणि चारही रीतींना त्याच २१० प्रसंगांतून जावे लागले. निकालातही भीड नव्हती. यंत्रे सारखी फिरू लागली की डीएसडीव्हीची तारांबळ उडाली. बोलणारी यंत्रे तीस झाली की टोराचे स्वतःचेच पुकारे इतके वाढले की त्यांच्या गर्दीत मजकूर बुडाला. डीएसआर सर्वत्र टिकली, आणि एओडीव्ही तिच्या जवळपास राहिली. परीक्षकांची स्वतःची रीत पहिली आली, याबद्दल कोणास संशय आला तर त्याला उत्तर तयार होते: हे आमचे साधन, हे आमचे २१० प्रसंग, तुम्हीच चालवून पाहा.

आणि लोकांनी खरोखरच चालवून पाहिले. एनएसला दिलेल्या या बिनतारी विस्ताराचा सर्व मजकूर १९९८ मध्येच प्रसिद्ध झाला आणि पुढे मूळ एनएसमध्ये सामावून घेतला गेला. त्याच्या माथ्यावर विद्यापीठाने जी सनद लिहिली आहे, तिचा भाव असा की वापरा, बदला, वाटा. सुधारणा केल्यास आमच्याकडे परत धाडा असे आमचे सांगणे आहे, पण सक्ती नाही. इनाम देऊन वर शेतसाराही न मागणारी ही शर्त होती. तिचे फळ लगेच दिसले. मोनार्कने एओडीव्हीची जी रचना लिहिली होती, ती सिनसिनाटी विद्यापीठातील समीर दास आणि महेश मरिना यांनी हाती घेतली, तीत पुष्कळ सुधारणा केल्या, आणि पर्किन्स व रॉयर यांच्यासह दास यांनी २००० साली जी नवी तुलना प्रसिद्ध केली, तीत भार वाढला म्हणजे एओडीव्हीच सरस ठरते असे दिसून आले. पिट्सबर्गच्या निकालाला पिट्सबर्गच्याच हत्याराने आव्हान मिळाले. माझ्या मते या सर्व इतिहासातला हाच सर्वांत निरोगी क्षण होय.

नंतर हे साधन जगभर पसरले, आणि आपल्याकडेही आले. २००० नंतरच्या दशकात पुणे, मुंबई, नागपूर किंवा औरंगाबाद येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत एम.ई. करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘एनएस-टू’ हे नाव माहीत नाही असे क्वचितच असे. प्रत्यक्ष पन्नास लॅपटॉप आणि पन्नास रेडिओ-कार्डे कोणत्या प्रयोगशाळेला परवडणार? एक जुना संगणक आणि त्यावर लिनक्स असला की झाले. टीसीएल नावाची भाषा केवळ या एका कामापुरती शिकावयाची, सिम्युलेटरने ओकलेल्या लांबलचक ट्रेस फाइलीतून हवे ते आकडे वेचण्यासाठी वरच्या वर्गातील मुलांकडून वंशपरंपरेने आलेली ऑकची स्क्रिप्ट वापरावयाची, एओडीव्हीत कोठेतरी एखादा फेरफार करावयाचा आणि आलेख काढून आपली सुधारणा इतक्या टक्क्यांनी सरस आहे असे दाखवून डिझर्टेशन गाइडच्या टेबलावर ठेवावयाचे, हा क्रम ठरून गेला होता. सिम्युलेटर संगणकावर उतरवून घेतला की त्यात हालचालींचे नमुने घडविणाऱ्या कप्प्याच्या नावात ‘सीएमयू’ ही कार्नेगी मेलनची आद्याक्षरे आजही आढळतात. विद्यार्थी ती रोज टंकित, पण ती कोणाची हे विचारण्याचे कारण त्यांना पडत नसे. या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ज्यांच्यापाशी साधनसामग्री काहीच नव्हती, त्यांना जगातील अग्रगण्य प्रयोगशाळेच्या बरोबरीने, त्याच मैदानावर, त्याच मापांनी प्रयोग करता आला, ही गोष्ट लहान नव्हे; खुल्या सॉफ्टवेअरने दिलेली ती मुभा होती.

स्वतः मोनार्कच्या मंडळींचा मात्र आपल्या मैदानावर आंधळा विश्वास नव्हता. १९९८–९९ मध्ये त्यांनी पिट्सबर्गमध्येच सातशे मीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद अशा खऱ्या जागेवर आपली रीत तपासली. पाच मोटारी सतत फिरत्या, दोन यंत्रे दोन टोकांना स्थिर, आणि आठवे यंत्र आपल्या मर्जीने जाळ्यात येणारे व जाणारे. प्रत्येकात लॅपटॉप, वेव्हलॅनचा रेडिओ आणि उपग्रहांवरून स्थान सांगणारे जीपीएस. खर्चाचा भार उचलणाऱ्यांत डार्पा होतीच, पण जमीन उकरणारी यंत्रे बनविणारी कॅटरपिलर कंपनीही होती. खाणीतील यंत्रांनी एकमेकांशी बोलावे यात तिचे हित उघड होते. डीएसआर फ्रीबीएसडी या प्रणालीच्या गाभ्यात लिहिली गेली. आणि तेथे संगणकातल्या मैदानाने लपविलेली एक गोष्ट उघडी पडली. सिम्युलेटरमध्ये वायफायच्या प्रमाणानुसार प्रत्येक पॅकेटची पोच रेडिओच देत असे. मोटारींतले वेव्हलॅन हे त्या प्रमाणापूर्वीचे, त्यामुळे ते पोच देतच नव्हते. मजकूर शेजाऱ्याला मिळाला की हवेत विरला, हे कळण्याचा मार्ग नाही. तेव्हा पोच मागणे, ती किती वेळात यावी याचा परिस्थितीनुरूप अंदाज बांधणे आणि न आल्यास पुन्हा पाठविणे, ही सगळी जबाबदारी मार्ग शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर येऊन पडली, आणि ती त्यांना तेथे नव्याने लिहावी लागली. त्याही अनुभवाचा निबंध आणि मजकूर त्यांनी प्रसिद्ध केला. पण मोटारींचे मैदान कोणी उतरवून घेऊ शकत नव्हते. म्हणून जगाने संगणकातलेच घेतले.

अनेकांनी एकच वस्तू वापरली की तिच्यातला दोष अनेकांच्या घरी पोचतो. २००३ साली मिशिगन विद्यापीठातील तिघांनी, ज्यांत पूर्वी कार्नेगी मेलनमध्येच शिकलेले ब्रायन नोबल होते, हालचालींच्या त्या लोकप्रिय योजनेत एक विलक्षण खोट दाखवून दिली. किमान वेग शून्य ठेवला आहे. म्हणजे एखादे यंत्र सेकंदाला दहा सेंटिमीटर इतका वेग निवडू शकते, आणि हजार मीटर दूरचा बिंदू निवडला तर तेथे पोचावयास त्याला दहा हजार सेकंद लागतील. प्रयोग तर नऊशे सेकंदांचा. जलद यंत्रे आपला प्रवास संपवून नवा वेग घेत राहतात, मंद यंत्रे मात्र वाटेतच अडकतात. त्यामुळे काळ जातो तसा मैदानावरील सरासरी वेग उतरत जातो आणि तो कधीच स्थिरावत नाही. सेकंदाला दहा मीटर या सरासरी वेगाचा म्हणून जो निष्कर्ष छापला जाई, तो वस्तुतः त्याहून संथ जाळ्याचा असे. शेकडो निबंधांत ही खोट होती, आणि एका जागी ती उलगडली तेव्हा सगळीकडे उलगडली. प्रत्येकाने आपापले साधन कुलुपात ठेवले असते, तर ती कोणाच्या नजरेस आली असती असे मला वाटत नाही.

पुढच्याच वर्षी डार्टमथ कॉलेजातील डेव्हिड कॉट्झ आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या मैदानात खरे लॅपटॉप फिरवून घेतलेली मापे प्रसिद्ध केली, आणि सिम्युलेटर वापरणारे कोणती गृहीते न बोलता धरून चालतात ते सांगितले: पृथ्वी सपाट आहे, लहरीची पोच वर्तुळाकार आहे, मला तुझे ऐकू येते तर तुलाही माझे येतेच, आणि जे ऐकू येते ते स्वच्छच ऐकू येते. यांतील एकही खरे नाही. २००५ मध्ये कोलोरॅडोच्या खनिविद्यालयातील संशोधकांनी मोबिहॉक या परिषदेच्या सहा वर्षांतील १५१ निबंधांची मोजदाद केली. त्यांत ११४ सिम्युलेटरवर आधारलेले निघाले, आणि ज्यांचा प्रयोग दुसऱ्याला जसाच्या तसा करून पाहता येईल असे पंधरा टक्केही भरले नाहीत. मोनार्कने २१० फाइलींसकट सर्व दप्तर उघडे ठेवले होते. त्यांच्या अनुयायांनी साधन घेतले, शिस्त घेतली नाही.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने वेगळाच मार्ग धरला. तेथे एपीई नावाची लिनक्सची एक खास आवृत्ती तयार करण्यात आली. ती लॅपटॉपवर चालू केली की पडद्यावर सूचना येत, की आता या दालनाकडे चाला, आता थांबा, आता परता. आणि विद्यार्थी लॅपटॉप हातात धरून इमारतीच्या मार्गिकांतून त्याप्रमाणे चालत. एका प्रयोगात अशी ३७ यंत्रे होती. या पायपिटीतून २००२ मध्ये असा शोध लागला की शेजाऱ्याची चाहूल देणारे छोटे संदेश संथ गतीने पाठविले जात असल्याने दूरवर पोचतात, परंतु खरा मजकूर वेगाने आणि मोठ्या पॅकेटांत जात असल्याने तितका दूर जात नाही. म्हणून शेजारी आहे असे दिसते, त्याच्या भरवशावर मार्ग आखला जातो, आणि मजकूर मात्र वाटेत गडप होतो. मैदानावरच्या गोल, स्वच्छ कडांच्या लहरींत ही संधिप्रकाशाची पट्टी दिसणे शक्यच नव्हते. उप्सालाच्या मंडळींनी आपली एओडीव्ही अशी लिहिली की तोच मजकूर खऱ्या लिनक्समध्येही चालावा आणि एनएसमध्येही. मैदान आणि मार्गिका यांच्यात निदान सॉफ्टवेअरचा तरी भेद राहू नये, हा त्यांचा हेतू.

मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीने केंब्रिज गावातील घरांच्या छपरांवर यंत्रे बसवून रूफनेट उभारले. तेथील मार्गशोधनाची रीत डीएसआरवरूनच स्फुरलेली होती; पण सर्वांत कमी हातांचा मार्ग तो सर्वांत चांगला, ही डीएसआरची श्रद्धा छपरांवर टिकली नाही, कारण कमी हात म्हणजे लांबलांबचे आणि म्हणून बेभरवशाचे दुवे. पॅकेट सरासरी किती वेळा पाठविले असता पोचते याचा हिशेब ठेवून मार्ग निवडावा, ही सुधारणा तेथे झाली. रूफनेटमधील काहींनी २००६ मध्ये मेराकी ही कंपनी काढली, आणि २०१२ साली सिस्कोने ती सव्वा अब्ज डॉलरांच्या आसपास किमतीस विकत घेतली. भारतात याच सुमारास आयआयटी कानपूरने गंगेच्या सपाट प्रदेशात उंच मनोऱ्यांवर दिशादर्शी अँटेना लावून, घराच्या चार भिंतींसाठी जन्मलेले वायफाय कित्येक किलोमीटर पलीकडील खेड्यांत नेले. त्या कामात भास्करन रामन होते, जे पुढे पवईच्या आयआयटीत आले. आणि डीएसडीव्हीचे एक जनक प्रवीण भागवतही होते, ज्यांनी नंतर एअरटाइट ही बिनतारी जाळ्यांची राखण करणारी कंपनी उभारण्यात भाग घेतला आणि तिचे संशोधन पुण्यात चालविले. सिम्युलेटरात पाने भरण्याऐवजी मनोऱ्यावर चढणाऱ्यांची ही परंपरा आपल्याकडे क्षीण राहिली, याची खंत वाटते.

२००० साली जॉन्सन ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात गेले आणि मोनार्क त्यांच्याबरोबर गेला. एनएसची दुसरी आवृत्ती २०११ नंतर पुढे सरकली नाही. तिसरी, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या सहकार्याने नव्याने लिहिली गेलेली, २००८ मध्ये बाहेर पडली. तीत एओडीव्ही मॉस्कोच्या एका संस्थेने पुन्हा लिहिली आणि डीएसआर कॅन्सस विद्यापीठाने. मिशिगनने दाखविलेली खोट दूर करणारी हालचालींची सुधारलेली योजनाही तीत आहे, पण जुनी काढून टाकलेली नाही; दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि मार्गशोधनाच्या तुलनेचा जो नमुना-प्रयोग त्या साधनाबरोबर मिळतो, त्यात पन्नास यंत्रे, लांबी दीड हजार मीटर, रुंदी तीनशे मीटर आणि हालचाल जुन्याच योजनेची आहे.

डीएसआरला प्रमाणाचा दर्जा कधीच मिळाला नाही. १९९४ पासून वाढत आलेली ती संहिता फेब्रुवारी २००७ मध्ये केवळ ‘प्रायोगिक’ असा शेरा मारून नोंदविली गेली. एओडीव्हीलाही २००३ साली तोच शेरा मिळाला होता. परंतु २०११ मध्ये वायफायच्या यंत्रांनी परस्परांत जाळे विणण्याचे जे प्रमाण संमत झाले, त्याची मार्ग शोधण्याची रीत एओडीव्हीवरून घेतलेली आहे, आणि घरातील दिवे व मीटर यांना जोडणाऱ्या झिगबीचीही. ही यंत्रे फिरत नाहीत. भिंतीवर आणि छतावर जेथे ठोकली तेथेच वर्षानुवर्षे असतात.